एक ग्रंथ, दोन क्रम : हिब्रू शास्त्रांचा परिचय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्याने होतात त्यांनी या शाळेत हयातभर मराठी शिकवले. त्यांच्या नावाने बोलण्याचा मान मला दिल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. ख्रिस्ती श्रोते आणि वाचक डोळ्यांसमोर ठेवून हिब्रू धर्मग्रंथांचा प्राथमिक परिचय करून द्यावा, असे मला सुचवण्यात आले. मराठीच्या प्राध्यापकाने हे काम अंगावर घ्यावे याचे काहींना नवल वाटेल. मी यहुदी नाही आणि ख्रिस्तीही नाही. परंतु माझा प्रबंध फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणावर होता. १६१६ साली रायतूर येथे छापल्या गेलेल्या त्या काव्याचे पहिले पुराण, म्हणजे पहिले छत्तीस अवस्वरू, जवळजवळ सर्वस्वी जुन्या करारातील कथांवर उभे आहे. ते समजून घ्यायचे तर मूळ हिब्रू ग्रंथाकडे वळणे भागच होते. तिथे गेल्यावर ध्यानात आलेली एक गोष्ट आज मला मांडायची आहे. ज्याला ख्रिस्ती वाचक ‘जुना करार’ म्हणतो तोच ग्रंथ यहुदी समाज दुसऱ्या क्रमाने लावतो, आणि क्रम बदलला की ग्रंथाचा अर्थही बदलतो.

प्रथम नावाविषयी. ‘जुना करार’ हे नाव ‘नवा करार’ असल्याखेरीज संभवत नाही. यहुदी माणसाच्या दृष्टीने त्याचा ग्रंथ जुना नाही आणि अपुराही नाही. तो त्याला ‘तनख’ म्हणतो. हा शब्द तीन आद्याक्षरांचा बनलेला आहे : तोरा, नवीईम आणि कतुवीम, म्हणजे शिकवण, संदेष्टे आणि लेख. या तीन विभागांत यहुदी गणनेप्रमाणे चोवीस पुस्तके आहेत : पाच, आठ आणि अकरा. प्रॉटेस्टंट बायबलातील एकोणचाळीस पुस्तके म्हणजे हीच चोवीस. शमुवेल, राजे आणि इतिहास यांचे प्रत्येकी दोन भाग केले, एज्रा-नहेम्या हे एक पुस्तक दोन मानले आणि एका गुंडाळीत लिहिले जाणारे बारा लघुसंदेष्टे सुटे मोजले की चोविसाचे एकोणचाळीस होतात. कॅथलिक बायबलात शेहेचाळीस पुस्तके आहेत, कारण तोबीत, यहुदीथ, मक्काबींची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात पुस्तके ग्रीक परंपरेतून त्यात आली. एस्तेर आणि दानीएल यांतही ग्रीकमधून आलेले काही अधिक भाग आहेत. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये या पुस्तकांना शास्त्र म्हणून मान्यता दिली. लूथरने त्यांना आपल्या १५३४ च्या जर्मन बायबलात वेगळे बसवले होते. या वादात आज शिरण्याचे कारण नाही.

क्रमाचा प्रश्न मात्र संख्येहून अधिक महत्त्वाचा आहे. ख्रिस्ती बायबलात आधी नियमशास्त्र, मग इतिहास, मग काव्य आणि शेवटी संदेष्टे अशी मांडणी आहे. अखेरचे पुस्तक मलाखी, आणि त्याच्या शेवटी एलीया संदेष्टा पुन्हा येईल असे आश्वासन. पान उलटले की मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते आणि तिथे लवकरच बाप्तिस्मा करणारा योहान उभा राहतो. सारा ग्रंथ पुढे पाहतो, कशाची तरी वाट पाहतो. आता छापील हिब्रू ग्रंथ उघडा. संदेष्टे मध्यभागी आहेत आणि अखेरचे पुस्तक ‘इतिहास’ आहे. त्याच्या शेवटच्या ओळींत पारसचा राजा कोरेश, ज्याला आपण सायरस म्हणतो, एक फर्मान काढतो : यरुशलेमात देवाचे मंदिर बांधायचे आहे, त्याच्या प्रजेपैकी ज्याला जायचे असेल त्याने वर चढून जावे. ग्रंथाचे शेवटचे क्रियापद हेच, वर चढून जाण्याचे. येथे कोणाच्या येण्याची वाट पाहिलेली नाही. हद्दपार झालेल्या लोकांना परतीची वाट मोकळी झाली आहे. सामग्री तीच, परंतु एका मांडणीत वाचकाची दृष्टी येणाऱ्या पुरुषाकडे लागते आणि दुसरीत मागे राहिलेल्या नगराकडे.

हा क्रमही सर्वत्र एकसारखा नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाबिलोनी तालमुदात ‘इतिहास’ शेवटी येतो आणि आजच्या छापील आवृत्त्या तोच क्रम पाळतात. परंतु अलेप्पो आणि लेनिनग्राद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोन थोर हस्तलिखितांत ते तिसऱ्या विभागाच्या आरंभी आहे. तीन विभागांची कल्पना मात्र फार जुनी. सिराखच्या ग्रीक भाषांतराला त्याच्या नातवाने इ. स. पू. १३२ च्या सुमारास प्रस्तावना जोडली, तीत नियमशास्त्र, संदेष्टे आणि इतर ग्रंथ असा उल्लेख येतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात येशूच्या तोंडी मोशे, संदेष्टे आणि स्तोत्रे अशीच विभागणी आहे. म्हणजे येशूने ज्या शास्त्राचा उल्लेख केला ते ‘जुना करार’ नव्हते, तनखच आकार घेत होते.

आता तोरा. उत्पत्ति, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद ही आपल्या मराठी बायबलातील नावे ग्रीक-लॅटिन परंपरेवरून आली आहेत. हिब्रूत प्रत्येक पुस्तकाला त्याच्या आरंभीच्या शब्दांवरून नाव पडते. त्यामुळे ज्याला आपण ‘गणना’ म्हणतो ते हिब्रूत ‘बमिदबार’, म्हणजे ‘रानात’. किती फरक पडला पाहा! एका नावाने वाचकाला शिरगणतीची वही आठवते, तर दुसऱ्याने चाळीस वर्षांची वणवण. ‘अनुवाद’ या नावाविषयी मराठीचा शिक्षक म्हणून दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही. आज अनुवाद म्हणजे भाषांतर. परंतु आपल्या मीमांसाशास्त्रात आधी सांगितलेलेच पुन्हा सांगणे म्हणजे अनुवाद. मवाबाच्या मैदानात मृत्यूपूर्वी मोशे सारे पुन्हा सांगतो, त्या पुस्तकाला हे नाव ज्याने कोणी योजले त्याला शास्त्राची चांगली जाण असली पाहिजे.

‘तोरा’ या शब्दाचे दैव मात्र इतके चांगले नव्हते. त्याचा अर्थ दिशा दाखवणे, शिकवणे असा आहे. बाप मुलाला देतो ती शिकवणही तोराच. ग्रीक भाषांतरकारांनी त्यासाठी कायदा या अर्थाचा ‘नोमोस’ हा शब्द घेतला, लॅटिनमध्ये ‘लेक्स’ झाला आणि मराठीत ‘नियमशास्त्र’. यहुदी धर्म म्हणजे कोरडे नियम आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा, ही जी सोपी विभागणी प्रवचनांतून ऐकू येते तिला या एका शब्दाने बरीच मदत केली असे माझे मत आहे. तोरात नियम आहेतच. पण परक्यावर जुलूम करू नका, कारण तुम्हीही मिसरात परके होता, अशी त्यांतील आज्ञा आठवणीतून निघते. शेताचा कोपरा न कापता गरिबासाठी सोडावा, पडलेली कणसे वेचू नयेत, मजुराची मजुरी रात्रभर ठेवून घेऊ नये, हे लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आज्ञाही तिथलीच. ती केवळ नव्या कराराची आहे असे समजणारे सुशिक्षित लोक मला भेटलेले आहेत.

दुसरा विभाग संदेष्ट्यांचा. यहोशवा, शास्ते, शमुवेल आणि राजे यांना ख्रिस्ती क्रम इतिहासात घालतो, तर हिब्रू परंपरा ‘पूर्व संदेष्टे’ म्हणते. हे नाव मला अधिक सार्थ वाटते. राजांच्या कारकिर्दी नोंदवणे हा त्या पुस्तकांचा खरा हेतू नाही. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचे इस्राएल राज्य अश्शूरांनी बुडवले, इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम घेतले, मंदिर जाळले आणि लोकांना हद्दपार केले. असे का घडले, या प्रश्नाचे उत्तर ही पुस्तके शोधतात. प्राचीन जगात एखाद्या राष्ट्राचे मंदिर पडले की त्याचा देव हरला असे मानत. या लोकांनी उलट निष्कर्ष काढला : देव हरला नाही, आम्ही चुकलो. पराभूतांनी स्वतःवरच ठेवलेले इतके प्रदीर्घ आरोपपत्र प्राचीन वाङ्मयात विरळाच आढळते. दाविदासारखा लाडका राजाही त्यातून सुटत नाही. त्याचा व्यभिचार आणि त्यासाठी घडवून आणलेला खून सविस्तर सांगितला आहे. दरबारी बखरीत असे सहसा सापडत नाही, हे बखरींच्या अभ्यासकांना सांगायला नको.

मग यशया, यिर्मया, यहेज्केल आणि बारा जण. संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, ही समजूत सोडल्याखेरीज ते कळत नाहीत. इ. स. पू. आठव्या शतकातला आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. उत्तरेच्या भरभराटीच्या काळात तो तिथे जाऊन सांगतो की, जोड्यांच्या जोडाकरिता गरिबाला विकणाऱ्यांचे सण आणि गायन देवाला नकोसे झाले आहेत. हे भाकीत कसले, ही तर फिर्याद. येथेच एक गोष्ट ख्रिस्ती वाचकाने मुद्दाम पाहावी. ‘मशीहा’ म्हणजे अभिषिक्त, ग्रीकमध्ये ‘ख्रिस्तोस’. यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात हा शब्द कोरेशाला लावला आहे. इस्राएलाचा देव न मानणाऱ्या पारसी राजाला! बाबिलोनमध्ये १८७९ साली सापडलेल्या मातीच्या नळकांड्यावर या राजाचा स्वतःचा लेख आहे. त्यात यहुद्यांचा उल्लेख नाही. लोकांना आणि देवमूर्तींना स्वस्थानी परत पाठवल्याचे तो सांगतो आणि श्रेय देतो बाबिलोनच्या मर्दुक देवाला. एकाच घटनेची दोन देवांच्या नावे झालेली ही नोंद इतिहासाच्या विद्यार्थ्याने शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

तिसरा विभाग, ‘लेख’, ठरीव चौकटीत बसत नाही. दीडशे स्तोत्रे, नीतिसूत्रे, ईयोब, पाच लहान गुंडाळ्या, दानीएल, एज्रा-नहेम्या आणि इतिहास. या विभागात ग्रंथ स्वतःशीच भांडतो. नीतिसूत्रांत सज्जनाचे भले होते. ईयोब म्हणतो, होत नाही, आणि देव शेवटी त्याच्या उपदेशक मित्रांनाच दोष देतो. परदेशी बायका सोडा असा एज्राचा आग्रह, तर रूथ ही मवाबी स्त्री दाविदाची पणजी. ख्रिस्ती क्रमात रूथ शास्त्यांनंतर येते आणि राजवंशाच्या कथेतला एक दुवा होऊन जाते. हिब्रू क्रमात ती लेखांत आहे, सप्ताहांच्या सणाला सभास्थानात वाचली जाते, आणि तेव्हा तिचे परकेपण ठळक होते. दानीएलाचेही तसेच. ख्रिस्ती बायबलात तो संदेष्टा आहे, हिब्रूत नाही. त्याचा अंतिम आकार इ. स. पू. १६४ च्या आसपासचा, संदेष्ट्यांचा संग्रह स्थिरावल्यानंतरचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

हा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला, हे आश्चर्य वेगळेच. हिब्रू लिपीत मूळात केवळ व्यंजने लिहीत. मोडी वाचणाऱ्यांना ऱ्हस्व-दीर्घाची अडचण ठाऊक असते. येथे बहुतेक स्वरच नाहीत अशी कल्पना करा. वाचन तोंडपाठाने चालत आले. इ. स. च्या सहाव्या ते दहाव्या शतकांत ‘मसोरा’कार म्हणवणाऱ्या पंडितांनी, विशेषतः तिबिर्याच्या बेन आशेर घराण्याने, व्यंजनांना धक्का न लावता वरखाली खुणा घालून स्वर आणि गायनाचे आघात नोंदवले. कोणता शब्द किती वेळा आला याच्या याद्या त्यांनी समासात लिहिल्या. आपल्याकडे वेदांसाठी पदपाठ, क्रमपाठ आणि अनुक्रमणी रचल्या गेल्या, त्याच जातीची ही निष्ठा. देवाच्या नावाची चार अक्षरे आली की ती न उच्चारता ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, म्हणायचे. त्या दुसऱ्या शब्दाचे स्वर पहिल्याच्या व्यंजनांना लावून वाचल्याने ‘यहोवा’ हे रूप निपजले.

संपूर्ण ग्रंथाचे सर्वांत जुने पूर्ण हस्तलिखित, लेनिनग्रादचे, १००८ सालच्या सुमाराचे. त्याआधीच्या हजार वर्षांत पाठ किती बिघडला असेल, अशी शंका सतत घेतली जाई. मग १९४७ साली मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत यशयाची संपूर्ण गुंडाळी मिळाली : सात मीटरांहून लांब, इ. स. पू. दुसऱ्या शतकातली. तुलना केली तेव्हा बहुतेक भेद शुद्धलेखनाचे आणि किरकोळ निघाले. पुढे मिळालेल्या तुकड्यांत एस्तेर वगळता हिब्रू गणनेतील सर्व पुस्तकांचे अंश आहेत. परंतु विजयोत्सव करू नये. यिर्मयाचा ग्रीक पाठ हिब्रूहून सुमारे एक अष्टमांश तोकडा आहे, आणि त्या तोकड्या पाठाशी जुळणारे हिब्रू तुकडेही कुमरानला सापडले. म्हणजे एकाच काळी दोन यिर्मया वाचले जात होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेची १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांना याने धक्का बसणार नाही.

ग्रीक भाषांतर अलेक्झांड्रियात इ. स. पू. तिसऱ्या शतकात सुरू झाले. ते करणारे ग्रीक बोलणारे यहुदीच होते. पुढे ते ख्रिस्ती मंडळीचे बायबल झाले. यशयाच्या सातव्या अध्यायात हिब्रू शब्द आहे ‘अल्मा’, तरुण स्त्री. ग्रीकमध्ये त्यासाठी ‘पार्थेनोस’, कुमारिका, आला आणि मत्तयाने तोच घेतला. यावरून शतकानुशतके एकमेकांवर खोटेपणाचे आरोप झाले. माझ्या मते दोघांनी आपापल्या हातातला ग्रंथ प्रामाणिकपणे वाचला होता.

दुसऱ्या शतकात मार्शियन नावाच्या श्रीमंत माणसाने रोमच्या मंडळीला सांगितले की, हा यहुदी ग्रंथ टाकून द्या. इ. स. १४४ च्या सुमारास मंडळीने ग्रंथ ठेवला आणि मार्शियनला बाहेर काढले. ग्रंथ ठेवला, परंतु ज्यांचा तो ग्रंथ त्या लोकांना ठेवून घेण्याची तयारी पुढे राहिली नाही, आणि ही कथा गोव्यापर्यंत येऊन पोचते. येथे १५६० मध्ये इन्क्विझिशन स्थापन झाले. ‘कलोक्विओस’ हा भारतीय औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता हा धर्मांतरित यहुदी घराण्यातला. त्याची बहीण कातारीना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून १५६९ मध्ये जिवंत जाळले. त्याआधीच वारलेल्या ओर्ताची हाडे १५८० मध्ये उकरून जाळण्यात आली. फादर स्टीफन्स गोव्यात उतरले १५७९ मध्ये. ज्यांनी पुढे अब्राहाम, मोशे आणि दावीद यांच्या कथा ओवीत गायिल्या, ते इथे असतानाच अब्राहामाचा धर्म पाळल्याबद्दल मेलेल्या माणसाला शिक्षा झाली. स्टीफन्सना यात मी गोवत नाही. त्यांचा त्याच्याशी संबंध असल्याचे काहीच म्हणता येत नाही. पण पहिले पुराण वाचताना हे वर्ष माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या काव्यात ती सारी कथा दुसऱ्या पुराणाची पूर्वतयारी म्हणून येते, आणि दुसरे पुराण येताच तिचे मालक रंगमंचावरून नाहीसे होतात.

रोमच्या भूमिकेत बदल व्हायला फार काळ गेला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये येशूच्या मृत्यूचा दोष साऱ्या यहुद्यांवर ठेवणे नाकारले. १९६९ च्या नव्या वाचनक्रमाने रविवारच्या मिस्सेत जुन्या कराराचे वाचन नियमित आले. २००१ मध्ये पोपच्या बायबल आयोगाने यहुद्यांचे स्वतःच्या शास्त्राचे वाचन हेही एक संभाव्य वाचन असल्याचे म्हटले.

मराठी मुलखात मात्र हे शेजारी कधीच परके नव्हते. कोकणातील बेने इस्राएल तेलाचा घाणा चालवीत, शनिवारी तो बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, तरी देवाच्या एकत्वाची ‘शमा’ ही घोषणा त्यांच्या ओठी राहिली. एलीया संदेष्ट्यावर त्यांची विशेष भक्ती. त्याच्या नावाने ते मलिदा करतात. मुंबईत त्यांचे पहिले सभास्थान १७९६ साली समुएल दिवेकर यांनी उभारले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. हेतू धर्मांतराचा होता. घडले असे की ख्रिस्ती फार थोडे झाले आणि बाकीच्यांना आपला ग्रंथ मूळातून वाचण्याची किल्ली मिळाली. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

शेवटी एक व्यावहारिक सूचना. हिब्रू क्रमाने वाचण्यासाठी नवे पुस्तक घ्यावे लागत नाही. घरच्या बायबलात कागदाच्या खुणा घातल्या की पुरे. पंचग्रंथ संपवून यहोशव्यापासून राजांपर्यंत सलग जावे, पण रूथ वगळावी. राजांच्या अखेरीस बंदिवान यहोयाखीन तुरुंगातून सुटून बाबिलोनच्या राजाच्या पंक्तीला जेवतो. तिथे न थांबता थेट यशया उघडावा. बारा जण झाले की स्तोत्रे, ईयोब, मग रूथ. दानीएल त्यानंतर, आणि ‘इतिहास’ सर्वांत शेवटी. आरंभच अवघड वाटत असेल त्यांनी आधी रूथ वाचावी. चारच अध्याय आहेत. एका बैठकीत होतात.